बारानंतरचे गणपती

पुणे,
गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

काल रात्री मी एकटीच पेठांतले गणपती आणि देखावे बघून आले. घरी पोहोचेपर्यंत दोन वाजून गेले होते, म्हणून आज रजा घेतली आणि सकाळचा चहा झाल्याबरोबर हे पत्र लिहायला बसले. फोनवरही सगळे सांगता आले असते. परंतु फोनवर बाबा दोन वाक्यांत विषय मिटवतात आणि आई लगेच जेवणाची चौकशी करू लागते. तीन वर्षांपूर्वी बेलबाग चौकातल्या रेटारेटीत बाबांचा तोल गेला, गुडघ्याला मार बसला आणि त्याच रात्री तुम्ही दोघांनी देखावे बघणे कायमचे बंद करून टाकले. तो निर्णय तुम्ही बदलावा, असे मला मनापासून वाटते. काल मी गेले ती केवळ हौसेने गेले नव्हते. तुम्ही पुढच्या वर्षी वाईहून आलात की तुम्हाला कुठून, किती वाजता आणि कोणत्या रस्त्याने नेता येईल, हे पायांखाली घालून बघायला गेले होते.

पहिली गोष्ट जाण्या-येण्याची. आपण वाड्यात राहत होतो तेव्हा उंबरठा ओलांडला की गणपती होते. कोथरूडला आल्यापासून मात्र रस्ते बंद असल्यामुळे रिक्षावाला अलीकडेच उतरवतो आणि खरी दमछाक तिथेच होते. आता भुयारी मेट्रो झाली आहे. मी रात्री अकराच्या सुमारास आनंदनगरला बसले, जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून खाली उतरले आणि पुढच्याच कसबा पेठ स्थानकाला बाहेर पडले. जाताना कसबा पेठेला उतरायचे आणि परतताना मंडईला चढायचे, असे केले तर आल्या वाटेने परत चालावे लागत नाही. दोन्ही स्थानकांत सरकते जिने आहेत आणि लिफ्टही आहे, शिवाय स्वच्छतागृह आहे, हे आईसाठी मुद्दाम लिहिते. यंदा पहिले तीन दिवस गाड्या अकरापर्यंतच होत्या. चौथ्या दिवसापासून त्या रात्री दोनपर्यंत धावत आहेत.

आईच्या नियमाप्रमाणे पहिला नमस्कार ग्रामदैवताला केला. कसब्याच्या गणपतीसमोर त्या वेळीही रांग होती, परंतु ती पुढे सरकत होती आणि कोणी कोणाला ढकलत नव्हते. तिथून तांबडी जोगेश्वरीच्या गणपतीकडे जाताना वाटेतल्या एका मंडळाच्या जिवंत देखाव्याचा शेवटचा प्रयोग चालू होता. विषय आपल्या लहानपणापासून चालत आलेला, आग्र्याहून सुटका. ध्वनिमुद्रित संवादांवर ओठ हलवणारी मुले, पेटारे उचलणारे मावळे, पहाऱ्यावरचे हबशी, सगळे तेच होते; तरीही पेटारा पहारेकऱ्यांसमोरून जाताना गर्दीतली लहान मुले श्वास रोखून बघत होती आणि खरे सांगते, मीसुद्धा.

प्रयोग संपला आणि बारा वाजले. ध्वनिवर्धकांना बारापर्यंतच परवानगी असते, त्यामुळे एका चौकातून दुसऱ्या चौकात जाणारे निवेदन, आरत्या, घोषणा, हरवलेल्या मुलांची नावे, हे सगळे एकामागून एक थांबत गेले. बाबा, ही वेळ तुम्ही मला दाखवली होती. माझ्या मैत्रिणी संध्याकाळी आपल्या घरच्यांबरोबर गणपती बघून यायच्या आणि मी मात्र जेवून, एक झोप काढून, बारा वाजता तुमचा हात धरून निघायची. लहानपणी मला त्याचे वाईट वाटायचे, कारण सगळे देखावे मी मुकेच बघितले. काल कळले की आवाज थांबल्यावर माणसे हळू चालू लागतात, मूर्तीच्या डोळ्यांकडे बघतात, मांडवाच्या खांबाला पाठ टेकून उभी राहतात. त्या मंडळातला महाराजांचे काम करणारा मुलगा टोप बाजूला ठेवून कमानीखाली चहा पीत बसला होता आणि त्याच्याच मांडीवर पेटाऱ्याचे झाकण होते; उडालेला रंग तो बोटाने सारखा करत होता, कारण आज रात्रीही त्याला तोच प्रयोग करायचा होता. देखावा करणारी माणसे आवाज बंद झाल्यावर भेटतात, हे तुम्ही कधी शब्दांत सांगितले नाहीत, पण दाखवलेत मात्र नेहमी.

आता बाबांसाठी खास मजकूर लिहिते. आईने हा भाग मोठ्याने वाचून दाखवावा, कारण अक्षर बारीक झाले आहे.

शुक्रवार पेठेतल्या एका चौकात विद्युत रोषणाईचा देखावा होता. पंचवीस-तीस फूट उंचीची कमान, तिच्यावर मोर, मोराचा पिसारा उलगडत जातो आणि मिटताना त्याच्या डोळ्यांतून गणपतीचे रूप उमटते. मी बराच वेळ समोर उभी होते आणि मनात तुमचा रोलर फिरत होता. श्रावण लागला की वाड्याच्या माडीवर तुम्ही तो लाकडी दंडगोल घेऊन बसायचात. त्यावर मोजून कापलेल्या तांब्याच्या पट्ट्या ठोकायच्या, वर पितळी पाती टेकवायच्या आणि एका टोकाला छोटी मोटर लावायची. पाते पट्टीवर आले की माळ पेटते, लाकडावर आले की विझते. पट्टी लांब असेल तर दिवा जास्त वेळ राहतो आणि पट्ट्या एकमेकींपासून बोटभर पुढे सरकवत गेले की प्रकाश वाहू लागतो. एकदा माझ्या वहीच्या चौकटींवर पेन्सिलीने चौकोन भरून तुम्ही मला कारंजे कसे उडते ते समजावले होते. शाळेत मला आलेख सगळ्यांच्या आधी कळले, त्याचे कारण तो कागद होता.

आणि ते ६ व्होल्टचे बल्ब! २३० व्होल्टांवर चालवायचे म्हणून ३८ ते ४० बल्ब एकापुढे एक जोडायचे. त्यांतला एक गेला की सगळी माळ काळोखात. मंडळांकडून निरोप यायचा आणि तुम्ही गर्दी ओसरल्यावर, मुख्य कळ बंद करून, चांगला बल्ब हातात घेऊन एकेका जागी लावून बघायचात. बॅटरी धरायचे काम माझे असायचे. देखावे बघायला म्हणून आपण निघायचो खरे, परंतु एका रात्रीत तीन-चार माळा दुरुस्त करूनच परतायचो आणि कोणाकडून पैसे घेतल्याचे मला आठवत नाही. नारळ आणि प्रसादाची पुडी मात्र प्रत्येक ठिकाणी मिळायची.

काल त्या मोराच्या कमानीमागे मी गेले आणि तिथल्या कार्यकर्त्याला विचारले की हे चालते कसे. वीस-बावीस वर्षांचा मुलगा असेल. त्याने आनंदाने सगळे उघडून दाखवले. रोलरच्या जागी आता जेवणाच्या डब्याएवढी पेटी आहे आणि चित्र आधी संगणकावर तयार करून त्या पेटीत भरतात. प्रत्येक बारीक दिव्यापाशी स्वतःची चिप असते. पेटीतून सगळ्या माळेसाठी एकच लांबलचक निरोप निघतो. पहिला दिवा त्यातला आपल्यापुरता भाग ठेवून घेतो आणि उरलेला पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला, असे शेवटपर्यंत. त्यामुळे प्रत्येक दिव्याला हवा तो रंग घेता येतो. पूर्वीसारखा रंगीत जिलेटीनचा कागद गुंडाळायला नको. मी विचारले, मग एखादा दिवा बिघडला तर? तो म्हणाला, त्याच्या पुढची सगळी माळ गोंधळते किंवा बंद पडते. मग पहिला अंधारा दिवा शोधायचा आणि तो किंवा त्याच्या आधीचा बदलून बघायचा. बाबा, मला तिथल्या तिथे तुमची बल्बांची पिशवी आठवली. इतकी वर्षे गेली, २३० व्होल्टांच्या ठिकाणी ५ व्होल्ट आले, तरी बारा वाजल्यानंतर एक मुलगा हातात दिवा घेऊन माळेवरून बोट फिरवत उभाच आहे. मी त्याला रोलरविषयी सांगितले. त्याने तो कधी पाहिलेला नाही. ‘एखादा शिल्लक आहे का, बघायला मिळेल का,’ असे त्याने दोनदा विचारले, आणि मी त्याला पुढच्या वर्षीचा शब्द देऊन आले आहे.

पुढचा फेरा थोडक्यात सांगते. भाऊसाहेब रंगारींच्या गणपतीसमोर या वेळी मला पाच मिनिटे निवांत उभे राहता आले. लाकूड आणि भुशाची ती मूर्ती, राक्षसाचा वध करणारा तो गणपती, १८९२ पासून तोच आहे आणि त्याचे विसर्जन करत नाहीत, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण वधाच्या क्षणी त्या अंगात किती वेग भरला आहे, हे गर्दीत खांद्यांवरून बघून कधी जाणवले नव्हते. दगडूशेठच्या गणपतीसाठी यंदा केरळातल्या पद्मनाभस्वामी मंदिराची प्रतिकृती उभारली आहे. तिथे मात्र मध्यरात्रीही दाटी होती आणि तुम्हाला त्या रांगेत मी नेणार नाही. रस्त्याच्या पलीकडून मुखदर्शन होते आणि मंदिराचे उंच गोपुर तर लांबूनच अधिक चांगले दिसते, जवळ गेले की मान दुखते.

लक्ष्मी रस्त्यावर गुरुजी तालमीच्या गणपतीपाशी थांबले. हिंदू आणि मुसलमान मित्रांनी मिळून १८८७ साली सुरू केलेला हा उत्सव, हे बाबांनी दर वर्षी त्याच जागी उभे राहून सांगायचे, तेव्हा काल मी ते स्वतःशीच म्हणून घेतले. तुळशीबागेतली गर्दी बारानंतर खूपच उतरते. मूर्तिकार खटावकरांनी १९७५ साली फायबरमध्ये घडवलेली ती मूर्ती दिव्यांच्या उजेडात आजही कालच रंगवल्यासारखी दिसते. दुकाने बंद, फळ्यांवर ताडपत्री आणि मधोमध तेवढा गणपती, असे तुळशीबागेचे रूप आईने कधी पाहिलेले नाही, कारण आईची तुळशीबाग नेहमी दिवसाची आणि पिशव्यांची.

आई, तुझ्यासाठी शेवटी मंडई ठेवली होती. शारदा-गजानन तसेच शेजारी बसलेले आहेत. तू दर वर्षी म्हणायचीस की बाकी सगळीकडे गणपती एकटा असतो आणि इथे मात्र त्याच्याशी बोलणारे कोणी आहे. मी तुझ्या वतीने शारदेला ओटी वाहिली. मंडईच्या जुन्या दगडी इमारतीच्या कट्ट्यावर बसून वीस मिनिटे मूर्तीकडे बघत राहिले आणि कोणी उठवले नाही. तिथे तुम्हा दोघांना टेकायला जागा आहे, जवळच चहा मिळतो आणि मेट्रोचे स्थानक अगदी थोड्या अंतरावर आहे. कसब्यापासून तिथपर्यंत मी रमतगमत, थांबत थांबत सव्वादोन तासांत आले. बाबांच्या गुडघ्याला हे एका रात्रीत जमणार नसेल तर दोन रात्री करू. पहिल्या रात्री कसबा, जोगेश्वरी आणि रोषणाईचा चौक, दुसऱ्या रात्री थेट मंडईला उतरून तुळशीबाग आणि शारदा-गजानन.

दिवसही निवडून ठेवला आहे. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ असल्यामुळे गणपती उशिरा, १४ सप्टेंबरला सोमवारी बसतील, हे बाबांनी पंचांगात बघितलेच असेल. गौरींचे विसर्जन झाले की गर्दी एकदम वाढते, म्हणून चौथ्या दिवसानंतरचा आणि गौरी जाण्याआधीचा मधला वार धरू, शनिवार-रविवार नको. वाईहून दुपारच्या एसटीने स्वारगेटला या. फलाटावर मी घ्यायला येईन, स्वारगेटलाच मेट्रो आहे, संध्याकाळी घरी झोप काढा आणि रात्री जेवून अकराला निघू. माझी तेव्हाची रजा मी आत्ताच सांगून ठेवणार आहे.

तोपर्यंत एक काम करावे. वाईच्या घरी माळ्यावर, जुन्या ट्रंकेच्या मागे, पोत्यात गुंडाळलेला एक रोलर मी दोन वर्षांपूर्वी पाहिला होता. शेजारच्या मुलाला वर चढायला सांगा, बाबांनी स्वतः शिडीवर चढू नये. लाकडाला कीड लागली आहे का आणि पितळी पाती शाबूत आहेत का, एवढे बघून कळवा. पाती गेली असतील तर माप पाठवा, मी इथे विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत चौकशी करीन. मोटर नसेल तरी चालेल, हाताने फिरवून दाखवू.

आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या पोस्टाने पाठवते. उत्तर सावकाश लिहा, पण होकाराचे लिहा.

आपली आज्ञाधारक कन्या,
सुमा