थुंकी नव्हे, बेडका तपासा

महोदय,

न्यूमोनियाच्या रुग्णाचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला नाही की ‘जंतू औषधाला दाद देत नाहीत’ असं ठरवून आणखी जालीम अँटिबायोटिक सुरू होतं. ही घाई नडते. औषध बरोबर असलं तरी गुण यायला ४८ ते ७२ तास लागतात. शिवाय आजार विषाणूचा किंवा क्षयाचा असू शकतो, छातीत पू साचलेला असू शकतो. तिथे नुसतं अँटिबायोटिक बदलून काहीच साधत नाही.

घरून आलेल्या रुग्णात एमआरएसए किंवा स्यूडोमोनास या नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा संशय कधी घ्यायचा, हे बरंचसं विचारपूस करून कळतं. हे जंतू पूर्वी त्याच्या बेडक्यात सापडले होते का? गेल्या ९० दिवसांत तो रुग्णालयात दाखल होता का, आणि शिरेतून अँटिबायोटिक मिळालं होतं का? म्हणून नातेवाइकांनी जुनं डिस्चार्ज कार्ड आणि कल्चरचे (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचे) रिपोर्ट सोबत न्यावेत.

खरी गफलत होते ती बेडक्याच्या नमुन्यात. अँटिबायोटिकचे एक-दोन डोस पोटात गेले की न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू कल्चरमध्ये सहसा उगवत नाही. घशात नुसता वस्तीला असलेला क्लेब्सिएला हा जंतू मात्र जोमाने वाढतो. रिपोर्टवर त्याचं नाव येतं आणि उपचार भलत्याच जंतूवर चालतात. त्यामुळे नमुना पहिल्या डोसआधी हवा. कवळी काढून साध्या पाण्याने चूळ भरावी, खोल श्वास घेऊन छातीतून खोकावं. घट्ट, पिवळसर किंवा गंजाच्या रंगाचा येतो तो बेडका. पातळ, फेसाळ ती लाळ. निर्जंतुक डबी २ तासांत प्रयोगशाळेत पोचावी. सूक्ष्मदर्शकाच्या कमी क्षमतेच्या भिंगाखाली एका दृश्यक्षेत्रात तोंडातल्या पेशी १० हून कमी आणि पू-पेशी २५ हून जास्त दिसल्या, तर नमुना चांगला. लाळच आली असेल तर प्रयोगशाळेने ती सरळ परत पाठवावी. तिच्यावरचा रिपोर्ट दिशाभूल करतो.

रुग्ण अत्यवस्थ असेल तर बेडक्यासाठी औषध अडवू नये. दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त कल्चरसाठी घेऊन लगेच डोस द्यावा. एमआरएसएच्या संशयावरून व्हँकोमायसिन सुरू केलं असेल आणि नाकातल्या स्वॅबची पीसीआर (जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आली, तर ते बहुधा थांबवता येतं. ४८ तासांनी कल्चरमध्ये एमआरएसए किंवा स्यूडोमोनास नसले आणि रुग्ण सुधारत असला, तर वाढवलेली बाकीची औषधंही उतरवावीत.

आपले,
संसर्गजन्य आजारांवर काम करणारे काही डॉक्टर