जमिनीखालचे हामर्बी

महोदय,

स्टॉकहोमच्या हामर्बी शोस्ताद या वसाहतीवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. काचेचे सज्जे, पाण्यावरची फेरीबोट, ट्राम हे सगळे छान टिपले आहे. पण ती वस्ती ज्याच्या जोरावर उभी आहे ते जमिनीखाली आहे आणि त्यावर लेखात एक ओळही नाही, म्हणून हे पत्र.

मी एका नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात 31 वर्षे काढली. गेल्या वर्षी अडीच महिने मुलीकडे हामर्बीत राहिलो. एका दुपारी चांगली सर आली, तसा सवयीने खाली उतरलो, चेंबर कुठे तुंबलेत ते बघायला. तुंबले काहीच नव्हते. अंगणातले पाणी उघड्या दगडी पन्हळीतून कालव्याकडे निघाले होते, तळाचा खडा न् खडा दिसत होता. पावसाचे पाणी मैल्यात मिसळू द्यायचे नाही, अशी तिथली आखणीच आहे. आमच्याकडे जूनमध्ये दोन्ही पाणी एक होई, चेंबर उसळत आणि माणसे बांबूच्या कामट्या घेऊन उतरत. त्यांच्या हातांचा वास साबणाने जात नसे.

तिथल्या मोरी-संडासाचे पाणी हेन्रिक्सडालला जाते. खडक पोखरून डोंगराच्या पोटात बांधलेले ते शुद्धीकरण केंद्र आहे. गाळापासून बायोगॅस होतो. वसाहतीतल्या सुमारे हजार घरांच्या शेगड्या त्यावर चालाव्यात, असे सुरुवातीलाच ठरले होते. शुद्ध झालेल्या पाण्यातही ऊब उरते. ती मोठ्या हीट पंपांनी काढून घेतात आणि त्यावर घरे तापवतात. मैल्यातली ऊब मला नवी नाही, थंडीत पहाटे झाकण उचलले की वाफ तोंडावर येते. तिने कुणाचे घर उबदार होते, हे मात्र मी तिथेच पाहिले.

कचऱ्याचेही तेच. अंगणातल्या नळकांड्यात पिशवी टाकायची; ठराविक वेळी हवेच्या ओढीने ती ताशी सुमारे 70 किलोमीटर वेगाने जमिनीखालून कचरा गोळा करण्याच्या केंद्रावर जाते. कचऱ्याची गाडी अंगणात येतच नाही.

ही जागा मुळात कारखान्यांची, बंदराची, दूषित मातीची. 2004 च्या ऑलिम्पिकसाठी तिचा आराखडा झाला. यजमानपद अथेन्सला गेले, तरी स्टॉकहोमने वसाहत बांधलीच. 1990 च्या सुमाराच्या बांधकामापेक्षा पर्यावरणावरचा भार निम्मा ठेवायचा, हे उद्दिष्टही सोडले नाही. मला सर्वांत भावले ते हे, की मैला कुठे जातो याचा विचार इमारतींच्या नकाशाबरोबरच झाला. आपल्याकडे इमारत उभी राहते, लोक राहायला येतात, आणि मग आमच्या खात्याला पत्र येते.

पुरवणीत यावर एक पान जरूर द्यावे. पन्हळी, नळ्या, कालवा यांचे मी तिथे हाताने काढलेले नकाशे वहीत आहेत. हवे असतील तर कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक निवृत्त ड्रेनेज कर्मचारी