गोष्टीचा तास ड्युटीत धरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोलिसांनी वस्तीतल्या मुलांना पुस्तके वाटल्याची बातमी आपल्या अंकात अधूनमधून असते. छायाचित्रात साहेब, शेजारी पुस्तकांचा गठ्ठा आणि पुढे मांडी घालून बसलेली मुले. माझे लक्ष मात्र गठ्ठ्याकडे जाते. पुढच्या आठवड्यात ही पुस्तके बदलून कोण देणार? शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षे काढल्यावर डोळ्याला हीच खोड लागते. निवृत्त झाल्यावर दोन वर्षे मी पोलिसांनी काढलेल्या एका वाचनालयात मदतीला जात होते. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

तिथे दर शनिवारी एक हवालदार यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी गोष्ट वाचली ती फिर्याद वाचून दाखवावी तशी, सपाट आवाजात, एका दमात. मुले चिडीचूप. ऐकत होती म्हणून नव्हे, समोर वर्दी होती म्हणून. या मुलांनी वर्दी पाहिलेली असते ती हातगाडी उचलून नेताना, नाहीतर रात्री दार वाजल्यावर. वाचता वाचता हवालदार ‘आश्चर्यचकित’ या शब्दावर अडखळले. एकदा ‘आश्चर्चकित’ म्हणाले, पुन्हा काहीतरी तिसरेच. मागच्या रांगेतून एक आठ-नऊ वर्षांची मुलगी पुटपुटली, “आश्चर्यचकित.” सगळ्या माना आधी तिच्याकडे वळल्या, मग त्यांच्याकडे. त्यांनी शब्दाखाली बोट ठेवले, अक्षर अक्षर जुळवले आणि म्हणाले, “बरोबर आहे गं तुझं. ये, इथं बसून पुढचं तू वाच.”

पुढच्या शनिवारी त्यांच्या शेजारी बसायला भांडणे लागली. चूक पकडायला सगळ्यांनाच पुस्तकात डोके घालायचे होते. नंतर नंतर मला संशय यायला लागला की चुका मुद्दाम होत आहेत. विचारले तर हसून म्हणाले, “मॅडम, पहिली खरी होती.” ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात मला हे कोणी शिकवले नव्हते.

हे काम शाळेचे, पोलिसांनी चोर पकडावेत, असे म्हणणारे भेटतात. शाळेचे आहेच. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. पण जे मूल शाळेतून गळाले, त्याच्यापर्यंत शाळेचे कपाट चालत जात नाही. पोलीस जातो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रसीन शहरात ज्युलिया बर्नी या पोलीस अधिकारी होत्या. ड्युटीवर ज्या घरांत शिरावे लागे, त्यांतल्या कितीतरी घरांत मुले होती पण पुस्तक नव्हते, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी पुस्तके गोळा करून वाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘कॉप्स एन किड्स’ हा उपक्रम उभा राहिला. कोणत्याही ग्रंथपालाला या घरांत पाऊल टाकता येत नाही. मला तीस वर्षांत आले नाही.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. दिल्लीत लाल किल्ल्याच्या परिसरात एका पोलीस कर्मचाऱ्याने कामगारांच्या मुलांसाठी पाठशाळा चालवली. गडचिरोली पोलिसांनी दुर्गम भागात ‘एक गाव, एक वाचनालय’ सुरू केले. त्या नावात गाव आधी येते, हे मला विशेष आवडले.

माझी तक्रार पुढची आहे. आमचे वाचनालय ज्या साहेबांनी काढले त्यांची बदली झाली. नवीन साहेब वाईट नव्हते, फक्त त्यांना त्याची आवड नव्हती. हवालदारांना शनिवारी बंदोबस्त लागायला लागला. एक शनिवार चुकला, मग दोन, मग सणांचा महिना आला. मुले येऊन बंद दारापुढे थांबायची आणि परत जायची. शेवटी कपाटाला कुलूप लागले. किल्ली कुणाकडे आहे, हे विचारायला मी तीन वेळा ठाण्यात गेले आणि तिन्ही वेळा वेगळे उत्तर ऐकून आले. दोष एका माणसाचा नाही. जे काम हौसेवर चालते ते हौशी माणसाबरोबर बदलून जाते. म्हणून माझी वरिष्ठांकडे मागणी एवढीच आहे की गोष्टीचा तास ड्युटीत धरा. आठवड्यातून एक तास, नेमलेला माणूस, रजेवर असेल तर बदली माणूस. नाकाबंदीची ड्युटी जशी साहेबाच्या आवडीनिवडीवर चालत नाही, तसेच हे. वाढदिवसाला हजार पुस्तके वाटण्यापेक्षा शंभर पुस्तके आणि हा एक तास मी कधीही घेईन.

दुसरी अडचण बाहेरच्यांना दिसत नाही. सरकारी पैशातून आलेले पुस्तक जडवस्तू नोंदवहीत (डेडस्टॉकला), म्हणजे टिकाऊ सरकारी मालमत्तेच्या यादीत चढते. हरवले तर जबाबदार कोण? ज्याच्या ताब्यात तो. मग तो शहाणा माणूस पुस्तक बाहेर देतच नाही. “इथेच बसून वाचा, हात लावू नका,” असे एका दमात सांगणारे मी पाहिले आहेत! अनामत रक्कम मागणे हा तर मुलाला दारातूनच परत पाठवण्याचा सभ्य मार्ग. एका खोलीत सहा माणसे, पावसाळ्यात छत गळते, धाकटे भावंड पाने फाडते. अशा घरात गेलेले पुस्तक कोरे करकरीत कसे परत येईल? दर वर्षी ठरावीक प्रमाणात पुस्तके हरवणार, फाटणार हे धरून चालावे आणि ती निर्लेखित करण्याचा, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याचा, अधिकार ठाण्याच्या पातळीवरच द्यावा. माझ्या ग्रंथालयात सर्वांत स्वच्छ राहिलेली पुस्तके कोणती होती, ते सांगत नाही. सत्कारांत मिळालेली होती, एवढे पुरे.

पुस्तके कोणती, यावर थोडे. दान मागितले की लोक घरातली रद्दी काढतात. जुनी गाइडे, अर्धवट सोडवलेल्या स्वाध्यायपुस्तिका, मागच्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके. उरलेल्यात बोधकथा. चोरी करू नये, खोटे बोलू नये हे पोलिसाच्या हातून आलेल्या पुस्तकात वाचले की मुलाला तो आपल्यावरचा आरोप वाटतो. चित्रांची, हसवणारी, भुतांची पुस्तके द्या. घरची बोली वेगळी असेल तर त्या बोलीतली द्या. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून अनेक भाषांतल्या गोष्टी मुक्त परवान्याने ठेवलेल्या आहेत, त्या छापून घेता येतात. आणखी एक. वाचनालय म्हणून जागा मिळते आणि बघता बघता तिची स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका होते. अभ्यासिका हव्यातच, पण तिथे शांतता लागते आणि मग खिदळणारी सात वर्षांची पोरे पहिल्यांदा बाहेर काढली जातात. दोन्हींच्या वेळा तरी वेगळ्या ठेवा.

वर्दीबद्दल माझे मत अजून पुरते ठरलेले नाही. बाल न्याय कायद्यानुसार (२०१५) प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमावा लागतो, आणि मुलांशी वागताना त्याने शक्यतो साध्या वेशात असावे, असे त्याखालचे नियम सांगतात. त्यामागचा विचार योग्यच आहे. पण आमचे हवालदार साध्या शर्टात आले असते तर त्या मुलीने दुरुस्त केलेला शब्द एका काकांचा ठरला असता, पोलिसाचा नव्हे.

एका गोष्टीबद्दल मात्र ठाम आहे. वाचनालयाच्या नोंदवहीत मुलाचे नाव आणि पुस्तकाचे नाव, याउपर काही नको. एकदा एका मुलाला, तुझा मोठा भाऊ हल्ली कुठे असतो, असे सहज विचारले गेले. विचारणाऱ्याच्या मनात काही नसेलही. तो मुलगा पुन्हा आला नाही, आणि त्याच्या गल्लीतली आणखी चार मुले यायची थांबली. तपास करायचा तर ठाण्यात करा. पुस्तकाच्या खोलीत विचारायचे प्रश्न दोनच: वाचून झाले का, आणि आता कोणते हवे?

कुलूप लागले त्या आठवड्यात ४१ पुस्तके मुलांकडे होती. नोंदवहीत ती अजून ‘येणे’ म्हणून दिसत असतील. मध्यंतरी त्या वस्तीतून जाताना त्यांतले एक मी ओट्यावर पाहिले. मुखपृष्ठ गेलेले, पाठीला चिकटपट्टी, आणि आमच्या यादीत नाव नसलेली दोन पोरे त्यावर वाकलेली. कधी हिशेब तपासणी झालीच, तर ही ४१ वसूल करायला कोणाला पाठवू नये, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल