घरातल्या उंच झाडांची छाटणी पावसाळ्यातच हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमधून घरातल्या झाडांविषयी आता नियमितपणे लिहिले जाते, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र या लेखनात एक सल्ला वारंवार वाचायला मिळतो आणि तो आपल्याकडच्या वाचकांची झाडे वाया घालवणारा आहे, असे मला वाटते. उंच वाढून खालून उघडी पडलेली झाडे वसंत ऋतूत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये छाटावीत आणि छाटलेल्या शेंड्यांपासून तेव्हाच नवी रोपे करावीत, असा तो सल्ला आहे. ज्या देशांत हिवाळा गोठवणारा असतो आणि मार्चमध्ये दिवस मोठे होऊन ऊब येऊ लागते, तिथे तो अगदी बरोबर आहे. महाराष्ट्रात, विशेषतः देशावर आणि विदर्भ-मराठवाड्यात, मार्चनंतर हवा दिवसेंदिवस कोरडी होत जाते आणि मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूर या शहरांचा पारा 45 अंशांच्या आसपास पोहोचतो. मुळे नसलेल्या फांदीला पानांतून उडून जाणारे पाणी भरून काढता येत नाही, त्यामुळे अशा हवेत लावलेली छाट कलमे मुळे धरण्याआधीच सुकतात. आपल्या हवेत या कामाचा खरा हंगाम जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा आहे, कारण तेव्हा हवेत भरपूर दमटपणा असतो आणि तापमानही मुळे फुटायला मानवणारे असते.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण चुकीच्या वेळी केलेला पहिला प्रयत्न फसला की माणसे पुन्हा झाडाला कात्री लावायला धजत नाहीत. मनी प्लांटचा तुकडा बाटलीत ठेवला की मुळे येतात, हे घराघरात ठाऊक आहे. पण तेच लोक छताला टेकलेल्या ड्रॅसिनाला किंवा रबर प्लांटला हात लावायला घाबरतात. मग काठीसारखे उघडे खोड आणि वर पानांचा एक झुबका, असे ते झाड दिवाणखान्यातून बाल्कनीत, बाल्कनीतून जिन्यात आणि शेवटी इमारतीच्या कचऱ्याच्या डब्याशेजारी येते. त्या एका झाडापासून एका पावसाळ्यात तीन-चार झाडे सहज होऊ शकली असती.

झाड असे का होते, हे आधी समजून घ्यायला हवे. ही सगळी उष्ण कटिबंधातल्या जंगलातली झाडे आहेत. ड्रॅसिना फ्रॅग्रन्स ही आफ्रिकेतली, डायफेनबाखिया अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली, तर रबर प्लांट आपल्याच ईशान्य भारतातले. मेघालयातले जिवंत मुळांचे पूल याच झाडाच्या मुळांपासून घडवलेले आहेत. नर्सरीत ही झाडे हिरव्या शेडनेटखाली चारही बाजूंनी येणाऱ्या उजेडात वाढतात. घरात आल्यावर त्यांना एकाच खिडकीचा आणि तोही अपुरा उजेड मिळतो, तेव्हा दोन पानांमधले पेर लांब होते, खोड बारीक राहते आणि खालची पाने अन्न तयार करू शकत नसल्याने झाड ती गाळून टाकते. खत वाढवून यात सुधारणा होत नाही. उलट अंधारात खत दिलेले झाड आणखी लांबोडके होते.

छाटणीने झाड भरगच्च का होते, याचेही कारण सरळ आहे. शेंड्याच्या कोंबात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते खोडातून खाली उतरत असताना खालच्या डोळ्यांना, म्हणजे खोडावरच्या सुप्त कोंबांना, झोपवून ठेवते. शेंडा कापला की हा दाब नाहीसा होतो आणि कापाच्या लगेच खालचे डोळे जागे होऊन फुटवे निघतात. म्हणूनच नुसती टोकाची चार पाने खुडून काही साधत नाही, कारण फुटवा कापाच्या जवळच येतो आणि झाड पुन्हा उंचीवरच पसरते. खाली फुटवा हवा असेल तर काप खालीच घ्यावा लागतो, आणि नेमके तेवढे धैर्य होत नाही.

ड्रॅसिनाच्या बाबतीत हे धैर्य निर्धास्तपणे करावे. निरोगी आणि मुळे भक्कम असलेल्या झाडाचे पूर्ण उघडे खोड कुंडीच्या मातीपासून फूट-दीड फुटावर कापले, तरी काही आठवड्यांत कापाखाली एक ते तीन फुटवे येतात. या काळात झाडाला पाने नसतात, त्यामुळे त्याला पाणी फार कमी लागते. पण काळजीपोटी रोज पाणी घातले जाते आणि मुळे कुजतात. वरचा पानांचा शेंडा खालची काही पाने काढून, भरड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या समान मिश्रणात लावावा. मधल्या उघड्या खोडाचे चार ते सहा इंचांचे तुकडे करता येतात आणि त्यातला प्रत्येक तुकडा झाड होऊ शकतो. एकच पथ्य कटाक्षाने पाळावे लागते : तुकड्याचे मूळचे खालचे टोक खालीच राहिले पाहिजे. सगळे तुकडे सारखेच दिसत असल्याने कापतानाच खालचा काप तिरका आणि वरचा सपाट घ्यावा, म्हणजे घोटाळा होत नाही. ते जमणार नसेल तर तुकडा आडवा ठेवून अर्धा मिश्रणात दाबला तरी चालतो.

रबर प्लांटचे तंत्र वेगळे आहे. त्याच्या जाड, मोठ्या पानांच्या शेंड्याला मुळे येईपर्यंत तग धरणे कठीण जाते, म्हणून झाडावर असतानाच त्याला मुळे आणवून घेणारे गुटी कलम हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. यासाठी कुठल्याही परदेशी चित्रफितीची गरज नाही. सोलापूर, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतले डाळिंब बागायतदार गुटीची रोपे लावत आले आहेत, आणि हेच कौशल्य शहरातल्या कुंडीत जसेच्या तसे उपयोगी पडते. पेन्सिलीपेक्षा जाड अशा निरोगी खोडावर, पान फुटते त्या गाठीच्या लगेच खाली, सुमारे एक इंच रुंदीची साल गोलाकार काढावी. सालीखालचा निसरडा थर चाकूने खरवडून टाकावा. तो राहिला तर साल पुन्हा जुळून येते आणि मुळे फुटत नाहीत. वाहणारा पांढरा चीक ओल्या फडक्याने टिपून घ्यावा, कापाच्या वरच्या कडेला इंडोल ब्युटिरिक ॲसिड असलेली मुळे फुटण्याची पावडर लावावी, भिजवून घट्ट पिळलेल्या मॉसचा (नर्सरीत मिळणाऱ्या वाळक्या शेवाळाचा) मूठभर गोळा भोवती बसवावा आणि वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून दोन्ही टोके सुतळीने आवळावीत. साधारण सहा ते आठ आठवड्यांत कागदातून पांढरी मुळे दिसू लागतात. ती चांगली भरली की गोळ्याच्या खाली कापून, कागद काढून, गोळा न मोडता कुंडीत लावावा. मूळ झाडावर शक्यतो काही पाने राखावीत, म्हणजे नवे फुटवे लवकर येतात.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. रबर प्लांटचे नुसते पान पाण्यात ठेवले की त्याला मुळे येतात, आणि अशा पानांची छायाचित्रे पाहून अनेक जण महिनोन्महिने वाट पाहतात. त्या पानाच्या देठाशी खोडाचा डोळा नसेल, तर त्यातून कोंब कधीही निघत नाही. पानाबरोबर डोळ्यासह खोडाचा छोटा तुकडा घेतला, तरच रोप होते.

डायफेनबाखियाबाबत सावधगिरीची सूचना प्रत्येक लेखात ठळकपणे यायला हवी. या झाडाच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तुकडा तोंडात गेला तर जीभ व घसा सुजतो, आणि डोळ्यात रस उडाला तर तीव्र जळजळ होते. त्याचे खोड दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करून ओल्या वाळूत आडवे लावले की सहज फुटते. पण ते काम हातमोजे घालून, लहान मुले व पाळीव प्राणी जवळ नसताना करावे आणि कापलेले तुकडे उघड्यावर ठेवू नयेत.

पावसाळा हा हंगाम सांगताना त्याच्या दोन अडचणीही सांगायला हव्यात. पहिली कोकण आणि मुंबईची आहे. तिथे दमटपणा इतका असतो की कापलेल्या टोकाला बुरशी लागते. म्हणून कात्री किंवा सिकेटर आधी स्पिरिटने पुसून घ्यावे, खोडाचे तुकडे सावलीत एक दिवस सुकू द्यावेत, मूळ झाडाच्या कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी आणि कलमे थेट पावसात न ठेवता पत्र्याखाली किंवा खिडकीच्या आत ठेवावीत. दुसरी अडचण सगळ्या शहरांची आहे आणि ती अधिक गंभीर आहे. कलमे पाण्याच्या बाटलीत ठेवण्याची हौस आणि डेंग्यूचा मोसम एकाच वेळी येतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पाण्यात ठेवून पाठवलेल्या लकी बांबूच्या मालाबरोबर आशियाई एडिस डास 2001 साली चीनमधून थेट कॅलिफोर्नियात पोहोचल्याची नोंद आहे. त्यामुळे ज्यांना पाण्यातच मुळे आणायची आहेत, त्यांनी दर तीन-चार दिवसांनी पाणी पूर्ण ओतून, बाटली आतून घासून पुन्हा भरावी. कुंडीखालच्या ताटल्याही तशाच कोरड्या कराव्यात. माझे मत विचाराल तर पावसाळ्यात वाळू-कोकोपीटच वापरावे; त्यात तयार झालेली मुळे पुढे मातीतही लवकर रुळतात.

पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी थोडे. ड्रॅसिनाला पाण्यातले फ्लोराइड सोसत नाही. पानांची टोके तपकिरी होऊन वाळतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या वाचकांनी या झाडांसाठी पावसाचे पाणी झाकणाच्या पिंपात साठवून वापरल्यास फरक स्पष्ट दिसेल.

छाटलेले झाड पुन्हा त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवले, तर नवे फुटवेही तसेच लांबोडके होतील. ते खिडकीजवळ आणावे, पण एकदम उन्हात नको, कारण सावलीतली पाने भाजतात. आठवडा-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उजेड वाढवावा आणि कुंडी अधूनमधून फिरवत राहावे.

आपल्याला माझी विनंती अशी की, बागकामाच्या सदरात महिन्यांचे वेळापत्रक देताना ते कोकण, देश, मराठवाडा आणि विदर्भ असे विभागवार द्यावे आणि छाटणी-कलमांची माहिती मेच्या शेवटच्या आठवड्यात छापावी, म्हणजे पहिला पाऊस स्थिरावेपर्यंत वाचकांची वाळू, मॉस, पावडर अशी तयारी होईल. तसेच पुण्यातले एम्प्रेस गार्डन, मुंबईतली राणीची बाग आणि दापोली, राहुरी, परभणी, अकोला इथली कृषी विद्यापीठे यांनी शहरी नागरिकांसाठी जून-जुलैमध्ये गुटी कलमाची एक दिवसाची प्रात्यक्षिके घ्यावीत, असा आग्रह आपल्या वृत्तपत्राने धरावा. फुलांची प्रदर्शने हिवाळ्यात भरतात आणि तिथे गर्दीही होते. पण त्या दिवसांत, पुणे-नाशिककडे रात्रीचा पारा 10 अंशांपर्यंत उतरत असताना, कलमांना मुळे फुटणे जवळजवळ थांबलेले असते, त्यामुळे तिथे पाहिलेले तंत्र घरी करून बघायला पुढे सहा महिने थांबावे लागते.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक, पुणे