शनिवारच्या पांढऱ्या शर्टाचा निळा गोट धुण्यात सुटतो, त्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
शालेय गणवेश उत्पादक कंपनी, सोलापूर

विषय : पांढऱ्या शर्टाच्या गोटाचा रंग सुटून शर्ट खराब झाल्याबाबत

महोदय,

मे महिन्यात बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानातून आपल्या कंपनीचे शनिवारचे पांढरे ड्रेस मी दोन्ही मुलांसाठी प्रत्येकी दोन घेतले. बिलाची झेरॉक्स सोबत आहे. सोलापूरचा युनिफॉर्म म्हटला की आमच्याकडे कोणी कापड चिमटीत धरून बघत नाही, डोळे झाकून घेतात. मीही तसेच घेतले.

शर्टाच्या कॉलरला आणि खिशाला गडद निळा गोट आहे. पहिल्याच धुण्यात तो सुटला. हँगरला लावलेल्या शर्टाचे पाणी निथळताना कॉलरपासून दुसऱ्या बटणापर्यंत निळा ओघळ उतरला. धाकट्याचा शर्ट घडी पडून राहिला होता, त्याच्या बाहीवर खिशाच्या गोटाची रेघ उलटी उमटली आहे, कोपऱ्यासकट. फोटो जोडले आहेत. दुकानदाराला दाखवले तर तो म्हणाला, "अक्का, माल कंपनीचा. मी बदलून देईन, पण तोही असाच निघणार." त्याच्यावर माझा राग नाही. निदान खरे तरी बोलला.

आपल्या ग्राहक सेवेला फोन केला तेव्हा मिळालेल्या सल्ल्यांबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे. पहिला सल्ला, "मॅडम, मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून ठेवा, रंग पक्का होईल." आमचे घर वडगावातले, सासऱ्यांच्या काळापर्यंत घरात माग होता, सुताच्या लडी रंगवताना मी पाहिल्या आहेत. मीठ लागते ते रंगाच्या पाण्यात, सुताने रंग ओढून घ्यावा म्हणून. तो सुताला धरतो सोड्याने. शिवून झालेल्या शर्टाला मिठाच्या पाण्यात बुडवून काय होणार? व्हिनेगर लोकरीच्या आणि रेशमाच्या रंगांना चालते. आपला गोट सुती आहे. त्याचा एक धागा काढून जाळून पाहिला, तो कागदासारखा जळला आणि राख झाली, गोळी झाली नाही.

दुसरा सल्ला, "ब्लीच वापरा." आपल्याच शर्टाच्या आतल्या लेबलवर फुली मारलेला त्रिकोण छापला आहे. त्याचा अर्थ ब्लीच करू नका. मग ग्राहकाने लेबलचे ऐकायचे की फोनवरच्या माणसाचे? आणि ब्लीचने डाग गेलाच तर गोटही चट्टेरी होणार, शाळेत तो तरी कसा चालेल?

तिसरा सल्ला ऐकून हसू आले. "धुतल्यावर लगेच कडक उन्हात वाळवा." साहेब, सोलापुरात वाळत असेल. इथे शाळा सुरू होते आणि पाऊसही सुरू होतो. आषाढात बेळगावात ऊन कुठून आणू? कपडे घरात दोरीवर, पंख्याखाली, दोन दोन दिवस दमट राहतात. शेवटी शुक्रवारी रात्री इस्त्री फिरवून अंगावर घालण्याजोगे करायचे, ही घरोघरची गोष्ट आहे. ओल्या कापडात कच्चा रंग तितका वेळ चालतच राहतो. तुमच्याकडे तासाभरात वाळणाऱ्या शर्टात जो दोष दिसत नाही, तो आमच्याकडे दिसतो. पण दोष रंगातलाच आहे, आमच्या हवामानातला नव्हे. खानापूरकडच्या तांबड्या मातीचे डाग काढणाऱ्या बायका आहोत आम्ही, धुणे आम्हाला शिकवू नका.

लेबलवर आणखी एक सूचना आहे : "गडद रंग वेगळे धुवा." गोट शर्टाला शिवलेला आहे. तो उसवून वेगळा धुवायचा आणि शनिवारी पुन्हा शिवायचा का? नळाला रोज पाणी येत नाही, पिंपात साठवलेल्या पाण्यात मी पांढरे कपडे वेगळे धुतेच. त्यातच हा शर्ट होता, आणि त्याच्यामुळे बाकीचे बनियनही निळसर झाले.

माझा भाऊ इचलकरंजीत प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, कामाला आहे. न वापरलेला एक शर्ट त्याला दाखवला. त्याने गोटाचे टोक ओले करून पांढऱ्या फडक्यात दाबले, फडके लगेच निळे. रंगवल्यानंतर न धरलेला रंग गरम साबणाच्या पाण्यात धुऊन काढायचा असतो, पाणी नितळ येईपर्यंत. ते धुणे इथे आखडते घेतले आहे, असे त्याचे मत, आणि माझेही. धुण्यातला रंगाचा पक्केपणा तपासायला आयएसओ १०५-सी०६ ही चाचणी आहे. तिच्यात १ ते ५ अशी श्रेणी मिळते, ५ सगळ्यात चांगली, आणि शेजारच्या पांढऱ्या कापडाला किती डाग लागला याचीही वेगळी श्रेणी असते. या गोटाच्या कापडाची ती चाचणी झाली असेल तर तिचा अहवाल पाठवावा.

माझे म्हणणे एवढेच आहे. चारही शर्टांचे पैसे परत द्यावेत. बदली शर्ट देणार असाल तर गोट आधी धुऊन, रंग सुटत नाही हे पाहून मगच शिवलेले द्यावेत, याच गठ्ठ्यातला माल पुन्हा नको. पुढच्या मालासाठी ते लेबलही बदला. आमच्या गल्लीतल्या इतर मुलांच्या शर्टांचेही हेच झाले आहे, त्यांच्या आयांची पत्रे येतीलच.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. कंपनी सोलापूरची असली तरी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहते तिथे, म्हणजे बेळगावात, तक्रार दाखल करता येते. एवढ्या किमतीच्या मालाला आयोगाची फीही लागत नाही. डागाळलेले शर्ट मी पुन्हा धुतलेले नाहीत, तसेच ठेवले आहेत. ते पोस्टाने मागू नयेत. बघायचे असतील तर आपला माणूस पाठवा.

आपली ग्राहक,
वडगाव, बेळगाव

सोबत : बिलाची प्रत, शर्टांचे व लेबलचे फोटो, निळे झालेले फडके