३ टनी जॅक स्टँडचा खटका निसटून व्हॅन खाली आल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा आणि गुणवत्ता विभाग

विषय: तुमच्या ३ टनी जॅक स्टँडच्या (जॅकने उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या लोखंडी आधारांच्या) जोडीतील एक स्टँड भार असताना खाली बसला. चार फोन झाले, दखल नाही.

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी चौथ्यांदा बोललो आणि फोन ठेवून लगेच हे लिहायला बसलो. तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहे. फोटो पहिल्याच दिवशी पाठवले होते. बिलाची प्रत पुन्हा जोडतो आहे.

आमचा सांगलीत भडंगाचा धंदा आहे. व्हॅनमधून मिरज आणि तासगावच्या दुकानांत माल जातो. ब्रेक दाबला की मागच्या उजव्या चाकातून खरखर यायची, म्हणून रविवारी सकाळी दारातच ब्रेकचा ड्रम उघडायचं ठरलं. पुतण्या आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काम तोच करणार होता, मी हाताखाली.

गाडी कशी उचलली ते नीट सांगतो, कारण तुमच्या माणसांनी दर वेळी चूक आमच्याच पदरात टाकली. अंगणाला कोबा आहे, उतार नाही. गाडी रिकामी होती. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावले. मागच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले केले. जॅक मधोमध, मागच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्याखाली (डिफरन्शियलखाली) लावून गाडी उचलली. दोन्ही स्टँड अ‍ॅक्सलच्या नळीखाली, स्प्रिंगच्या पाट्यांच्या जवळ ठेवले, ब्रेकचा पाइप मध्ये येणार नाही असे. दोन्हीकडे स्टँडच्या दांड्याचे दात मोजून सारखी उंची, दोन्ही हँडल पूर्ण खाली दाबलेली. मग जॅक हळूहळू सोडला आणि भार स्टँडवर घेतला. काढलेली चाकं पुतण्याने दोन्ही बाजूंना चेसीखाली आडवी सरकवली. हे त्याला त्याच्या सरांनी शिकवलंय. माझ्या डोक्यातही आलं नसतं.

खाली जायच्या आधी त्याने गाडी बाजूने ढकलून बघितली. तेवढ्यात उजव्या स्टँडचा दांडा सर्रकन खाली गेला, स्टँड कलंडला आणि गाडी त्या बाजूला बसली ती चेसीखालच्या चाकावर. ब्रेकचा पाइप चेमटला, ड्रममागची प्लेट वाकली. दुरुस्तीला २,८०० रुपये गेले आणि दोन दिवस माल पोचवता आला नाही. पोरगं अजून बाहेरच उभं होतं. पाच मिनिटांनी ते छातीपर्यंत गाडीखाली असतं. गेले दहा दिवस रात्री माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच येतं.

स्टँड तुम्ही बनवता, तेव्हा त्याचं काम कसं चालतं हे तुम्हाला मी सांगायला नको. दांड्याच्या दातांत अडकणाऱ्या एका खटक्यावर सगळा भार असतो. डाव्या स्टँडचा खटका दाताच्या खाचेत पूर्ण आत बसतो. उजव्याच्या दातांच्या कडा गोलसर ओतल्या आहेत, त्यामुळे खटका नुसता कडेवर टेकतो. वरून बघणाऱ्याला तो बसलाय असंच वाटतं. फोटोत हे स्पष्ट दिसतं. दांड्यातून आरपार जाणारी जादा पिन असती, तर खटका निसटूनही गाडी जागेवर राहिली असती. तीही तुम्ही दिलेली नाही.

आता आजच्या फोनबद्दल. बराच वेळ थांबल्यावर मला तांत्रिक विभागाला जोडून दिलं. त्या गृहस्थांचा पहिला प्रश्न, “काका, हँडब्रेक ओढला होता का?” मी म्हणालो, ओढला होता, पण आमच्या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो आणि ती दोन्ही हवेत होती. त्यावर ते म्हणाले, “मग गिअरमध्ये टाकायची होती.” मी सांगितलं, इंजिनची ताकदही मागच्याच चाकांना जाते, मागची उचलली की गिअरही गाडी धरत नाही, धरतात ते पुढच्या चाकांचे ठोकळे, आणि ते आम्ही लावले होते. शिवाय गाडी जागची हललीच नाही, ती सरळ खाली बसली. ते म्हणाले, “म्हणजे ओव्हरलोड झालं असेल.” रिकामी गाडी एक टनाच्या आत आहे, आरसीवर वजन लिहिलेलं आहे, तेही वाचून दाखवलं. मग आवाज बदलला. “तुम्ही मेकॅनिक आहात का?” नाही. “मग गाडीखाली जायचंच कशाला? हे ट्रेनिंग घेतलेल्या लोकांसाठी असतं.” साहेब, तुमच्या खोक्यावर घराच्या अंगणात गाडी उचलून काम करणाऱ्या माणसाचं चित्र आहे! ते मी त्यांना सांगितलं. आणि तेव्हा त्यांनी विचारलं, “कुणाला लागलं नाही ना? मग प्रॉब्लेम काय आहे?”

मी काही बोलू शकलो नाही. पुतण्या शेजारीच बसला होता, स्पीकर चालू होता. ज्याच्या अंगावर ती गाडी आली असती, त्याच्या कानावर हे वाक्य पडलं. तुमचे सगळे फोन रेकॉर्ड होतात ना? मग व्यवस्थापकांनी स्वतः बसून हा फोन ऐकावा. कुणाला लागलं नाही ते त्या पोराच्या सावधपणामुळे. तुमच्या स्टँडमुळे नाही.

तुमच्या माहितीपत्रकातही हीच चूक आहे. पहिली ओळ, हँडब्रेक ओढा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. पुढच्या चाकांना अडथळा लावा, असं कुठेही लिहिलेलं नाही. मागची बाजू उचलणाऱ्याला ही ओळ फसवते. आणि ३ टन म्हणजे एका स्टँडचे की जोडीचे? हे ना खोक्यावर आहे, ना पत्रकात, ना तुमच्या तांत्रिक विभागाला सांगता आलं. पत्रक इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठीत नाही. स्टँड मात्र सांगलीच्या दुकानात विकायला आहेत.

मला राग आहे, पण त्याहून जास्त वाईट वाटतं. तुमचा बाटली जॅक माझ्या वडिलांनी घेतलेला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचं घर बुडालं आणि तो जॅक कितीतरी दिवस गाळात होता. धुऊन, तेल बदलून तो परत चालू झाला, आणि त्या रविवारीही गाडी त्यानेच उचलली. म्हणून दुकानदार स्वस्तातले दाखवत असताना मी नाव बघून तुमचेच स्टँड मागितले.

२०२० साली अमेरिकेत एका विक्रेत्याने असेच खटक्याचे स्टँड लाखोंच्या संख्येने परत बोलावले होते. बनवण्याची हत्यारं जुनी झाल्यामुळे दात आणि खटका सारख्या खोलीवर बसत नव्हते, हे त्यांनी स्वतः जाहीर केलं. तुम्ही मला काय सांगितलं? एक स्टँड बदलून देतो, तोही मी माझ्या खर्चाने कुरिअर केल्यावर. त्याच वेळी ओतलेले बाकीचे स्टँड कुणाच्या अंगणात, कुणाच्या डोक्यावर उभे आहेत, याची चौकशी एकानेही केली नाही.

माझी मागणी अशी. जोडीचे पूर्ण पैसे आणि दुरुस्तीचे २,८०० रुपये द्या. त्या बॅचचे स्टँड तपासून सदोष माल बाजारातून काढा. पत्रक सुधारा आणि मराठीत द्या. आणि “प्रॉब्लेम काय” असं विचारणाऱ्यांनी माझ्या पुतण्याची माफी मागावी, लेखी.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ मध्ये सदोष उत्पादनाची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि अपुऱ्या सूचना दिल्या तरीही आहे. ग्राहक राहतो तिथेच दावा करता येतो, त्यासाठी मला तुमच्या शहरात यावं लागणार नाही.

दोन्ही स्टँड मी पोत्यात बांधून ठेवले आहेत. ते कुरिअरने पाठवणार नाही. तुमचा माणूस सांगलीत येऊ दे, माझ्यासमोर आणि पुतण्यासमोर खटका हाताने बसवून बघू दे.

आपला ग्राहक,
सांगली

सोबत: बिलाची प्रत, दोन्ही स्टँडच्या दातांचे फोटो, गॅरेजची पावती, आरसीची प्रत