माउथ ऑर्गनवर आगगाडी शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे, कारण तुम्ही जे शिकवलंत ते माउथ ऑर्गनवर आगगाडीचा आवाज काढू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे. कुठली भोकं वाजवायची हे कुणीही सांगतं. गाडी श्वासावर चालते, हे तुम्ही सांगितलंत आणि माझ्याकडून घोटून घेतलंत.

आधी तर तुम्ही वाद्य हातात घेऊच दिलं नाहीत. तोंडासमोर तळहात धरायचा आणि कुजबुजत म्हणायचं: ‘हुका’ श्वास आत घेत, ‘हाहा’ बाहेर सोडत. हाताला फुंकर लागता कामा नये, आरशावर वाफ धरते तेवढीच ऊब लागली पाहिजे. गाल फुगले की तुम्ही थांबवायचात. ठोका पोटातून यायचा, जिभेने त्याला फक्त धार द्यायची. मग तेच उच्चार सी स्केलच्या दहा भोकांच्या डायटॉनिकवर, म्हणजे एकाच स्केलचे सूर असलेल्या साध्या माउथ ऑर्गनवर, पहिल्या तीन भोकांत: श्वास ओढला की जी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन सूर), सोडला की सी मेजर. झाली की झुकझुक सुरू!

‘हु-का-हा-हा’ असे चारच ठोके का, हेही तुमच्याकडूनच कळलं. दोन सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनातून मुख्य चाकाच्या एका फेऱ्यात वाफेचे चार फटकारे बाहेर पडतात. म्हणून पहिल्या ठोक्यावर किंचित वजन दिलं की कान लगेच चाक फिरताना ऐकतो.

पण ज्यासाठी तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे, ती गोष्ट म्हणजे नाक. गाडी वेग घेऊ लागली की दम संपतो असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात छाती हवेने भरून जाते, कारण ओढायचे ठोके जास्त दमदार असतात आणि शिट्टीही ओढूनच वाजते. तुम्ही सोडायचे ठोके नाक उघडं ठेवून वाजवायला लावलेत. थोडी हवा वाद्यातून, उरलेली नाकातून. त्या दिवशी गाडी पहिल्यांदा न थांबता धावली. वेग वाढवायचा तो जोर लावून नव्हे, श्वास आखूड करून. आणि फारच जलद झालं की ‘हुका’ सोडून ‘टका’वर यायचं, म्हणजे पोटाचा भार जीभ उचलते.

शिट्टीला मात्र नाक बंद. चौथं-पाचवं भोक एकत्र ओढायचं, ओंजळ मिटलेली ठेवून हळूहळू उघडायची, आणि शेवटी जिभेचं मूळ खाली नेत सूर जरासा उतरवायचा. गाडी आपल्यासमोरून निघून जाताना तिची शिट्टी खरंच खाली उतरल्यासारखी ऐकू येते, म्हणून ही उतरण हवीच. माझ्या मते सगळ्या प्रकारात सुंदर जागा हीच.

अमेरिकन माउथ ऑर्गनवादक डीफोर्ड बेलीचं १९२७ मधलं ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ तुम्ही ऐकवलंत तेही विसरणार नाही. एकटा माणूस, एक छोटं वाद्य, आणि अख्खी एक्सप्रेस! सूर मोजू नकोस, तो श्वास कुठे टाकतो तेवढंच ऐक, असं म्हणाला होतात. आता कुठलंही वादन मी तसंच ऐकतो.

ताई, तुम्ही कधी घाई केली नाहीत. माझा ठेका बिघडला की ‘पुन्हा, हळू’ एवढंच म्हणायचात आणि स्वतः सोबत कुजबुजत राहायचात. त्या सोबतीबद्दल मनापासून आभार. शिट्टीवरून ठेक्यात परतताना पहिला ठोका अजून जड पडतो. पुढच्या भेटीत तेवढी जागा तुमच्यासमोर बसून नीट करून घ्यायची आहे.

आपला विद्यार्थी